स्विफ्टचा कंपनीचा स्टिरिओ काढून नवीन बसवायचाय, कोकणच्या हवेत काय टिकेल?

देवबागकर

नमस्कार मंडळी. गाडी २०१५ची स्विफ्ट, पेट्रोल. स्टिरिओ कंपनीचाच, डॅशबोर्डच्या आकारात बसवलेला. सीडी घेणं त्याने कधीच सोडलंय, पेन ड्राइव्ह मनात आलं तर वाचतो आणि मागच्या उजव्या दारातला स्पीकर नुसता खरखरतो. फिरणं मुख्यतः मालवण-कुडाळ-सावंतवाडी, अधूनमधून फोंडा घाटाने कोल्हापूर. घरातून समुद्राची गाज ऐकू येते, यावरून हवेची कल्पना करा. गाडी पत्र्याच्या शेडखाली असते. बजेट तीस हजार, ओढूनताणून पस्तीस.

कुडाळात एका दुकानात विचारलं. नऊ इंची अँड्रॉइड पडदा, चारही दारांत स्पीकर, डिकीत बारा इंची बास ट्यूब, वर रिव्हर्स कॅमेरा फुकट. सगळं मिळून अठ्ठावीस हजार. "बाराशे वॉट आहे, दादा. दारं हलतील!" मला दारं हलवायची नाहीत. वडिलांना भजनं आणि दशावताराची रेकॉर्डिंग स्पष्ट ऐकायची आहेत, मुलीला फोनचा नकाशा पडद्यावर हवाय. मेव्हणे म्हणतात पुण्याला घेऊन या, इथेच करू. काय करावं?

घाटमाथा

आधी मापाचं सांगतो. बाजारातल्या युनिटची दोन मापं ठरलेली: सिंगल डिन म्हणजे १८० बाय ५० मिमी आणि डबल डिन म्हणजे १८० बाय १०० मिमी. तुमच्या स्विफ्टचा स्टिरिओ या दोन्हींत बसत नाही, तो डॅशबोर्डसाठी वेगळा घडवलेला आहे. त्यामुळे त्या मॉडेलची प्लास्टिकची फ्रेम लागते. ती सहज मिळते. तिच्यासोबत गाडीचं कपलर मागा, म्हणजे कंपनीची एकही वायर न कापता नवीन युनिट जोडता येतं. उद्या गाडी विकताना जुना स्टिरिओ पुन्हा खटकन बसेल. दुकानदार "कपलर कशाला, आपण जॉइंट मारू" म्हणाला, तर चहा पिऊन निघा.

पडद्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे. नकाशा आणि गाणी फोनमध्ये आहेतच. पडद्याने फोन दाखवला की झालं, त्यात आणखी एक स्वस्त टॅब्लेट कशाला? नामांकित कंपनीचं सात इंची युनिट घ्या, अँड्रॉइड ऑटो आणि कारप्ले (अँड्रॉइड फोन किंवा आयफोन गाडीच्या पडद्यावर दाखवणारी सोय) असलेलं. स्वस्तातल्या नऊ इंचीवर रॅमचा आकडा मोठा छापलेला असतो, गाडी तापली की नकाशा रांगायला लागतो.

माडाखालचो

बाराशे वॉट आयकान हसाक इला. आमच्या वाडीत एकान अशीच ट्यूब बसवल्यान. चतुर्थीक बाजार करून येताना माटवीचा (गणपतीवरच्या सजावटीचा) सामान ठेवक डिकीत जागा नाय, म्हणान ट्यूब काढून ओटयेर ठेवल्यान. ती थयच रवली. आता तिच्यार मांजर निजता.

वायरीची_पेटी

रत्नागिरीत गाड्यांच्या वायरिंगचंच काम करतो, म्हणून जरा लांबण लागेल.

वॉटपासून सुरू करू. कुठल्याही युनिटच्या मागे बघा, १० किंवा १५ अँपिअरचा फ्यूज असतो. इंजिन चालू असताना गाडीचं व्होल्टेज धरा १४. म्हणजे १० अँपिअरवाल्यात आत जाणारी वीजच १४० वॉट आणि त्यातली बरीचशी उष्णता होऊन जाते. मग खोक्यावरचे "५० वॉट गुणिले ४" येणार कुठून? तो क्षणभराचा कमाल आकडा. सतत मिळणारी ताकद, म्हणजे आरएमएस, एका चॅनलला १८ ते २२ वॉटच्या आसपास असते. घाबरू नका, स्विफ्टएवढ्या केबिनमध्ये चांगल्या स्पीकरला वीस वॉट भरपूर झाले. दुकानात फक्त "आरएमएस किती?" एवढंच विचारा. बाराशेचे बहुधा दीड-दोनशे होतील.

आता दार. कोकणात स्टिरिओचं काम म्हणजे निम्मं दाराचं काम. पावसाचं पाणी काचेच्या रबरातून दाराच्या आत उतरतंच, गाडी नवी असो की जुनी. ते आतल्या आत खाली जातं आणि दाराच्या तळाच्या भोकांतून बाहेर पडतं. दाराचं पॅनेल काढलं की आत काळ्या चिकट गोंदाने लावलेला प्लास्टिकचा कागद दिसतो. पाणी केबिनमध्ये येऊ न देणं हे त्याचं काम. घाईतला फिटर त्याला कटर मारतो, स्पीकर बसवतो आणि कागद तसाच लोंबकळत ठेवून पॅनेल दाबून टाकतो. एप्रिलमध्ये काहीच कळत नाही. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पायाखालची मॅट ओली होते, गाडीला कुबट वास येतो आणि मालक एसीच्या पाइपला दोष देत बसतो. मी अशी दारं उघडतो तेव्हा स्पीकरच्या चुंबकावर गंजाचा पोपडा आणि कागदाची खालची कड दाराच्या बाहेर आलेली असते. ती कड आत खोचलेली हवी, म्हणजे तिच्यावरून ओघळलेलं पाणी परत दारातच पडतं.

डॅम्पिंगचे, म्हणजे दाराच्या पत्र्याची थरथर दाबणारे शीट लावणार असाल तर ब्यूटाइल रबराचेच. डांबरी शीट स्वस्त असतात, पण मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीत वास मारतात आणि सुटून खाली येतात. आणि तळाची भोकं बुजवू नका. मी हे दोनदा लिहिलं असतं.

स्पीकर: कागदी कोन आणि फोमची कड इथे नको. पॉलिप्रॉपिलीनचा कोन, रबराची कड. कंपनीच्या स्पीकरला प्लास्टिकचा उंचवटा घडवलेला असतो, बाहेरच्या स्पीकरला तो नसतो, म्हणून मध्ये रिंग लागते. दुकानदार एमडीएफची कापून देईल. एमडीएफ दोन पावसांत बिस्किटासारखं फुगतं. पीव्हीसी किंवा एबीएसची रिंग मागा.

शिरोड्याची_सून

वायरीची पेटी, तुमचा प्रतिसाद वाचनखुणेत ठेवलाय. दाराच्या कागदाचं आजवर कुणीच सांगितलं नव्हतं.

चालवणारीच्या बाजूने एक सांगते. आमच्याकडे मोठा पडदा आहे आणि आवाजाला फिरवायचं बटण नाही, सगळं बोटाने चाचपत. आंबोलीच्या वळणांवर समोरून एसटी येत असताना आवाज कमी करायला पडद्यावरचा चौकोन शोधायचा म्हणजे डोळे रस्त्यावरून काढणं आलं. आवाजाचं गोल बटण असलेलं युनिट घ्या, नाहीतर स्टिअरिंगवरची बटणं चालतील एवढं तरी बघा. आणि दुपारी पश्चिमेला तोंड करून समुद्राच्या रस्त्याने या एकदा. निम्म्या पडद्यांवर फक्त आपला चेहरा दिसतो. दुकानाच्या आत बघून ठरवू नका, युनिट उन्हात धरायला सांगा.

हँडब्रेकच्या वायरबद्दलही सांगते. गाडी थांबल्यावरच व्हिडिओ दिसावा म्हणून ती असते. दुकानदार न विचारता ती अर्थला, म्हणजे गाडीच्या पत्र्याला जोडून टाकतात, "मॅडम, आता चालू गाडीत पिक्चर बघा." नको म्हणून स्पष्ट सांगावं लागतं.

देवबागकर

सगळ्यांचे आभार. माझ्या स्टिअरिंगवर बटणं आहेत. ती नवीन युनिटवर चालतात का? आणि मग चारही स्पीकर बदलायचे की दोनच? दुकानदार म्हणतो चार नसतील तर मजा नाही.

वायरीची_पेटी

चालतात. त्या पिढीत प्रत्येक बटणाला वेगळा रोध असतो. युनिटमध्ये स्टिअरिंगची वायर जोडून एकेक बटण दाबून "शिकवायचं", पाच मिनिटांचं काम. हल्लीच्या गाड्यांत हे सगळं कॅन बसवरून, म्हणजे गाडीच्या डिजिटल संदेशांच्या वायरीवरून जातं, तिथे त्या गाडीचा वेगळा डबा लागतो. काही गाड्यांत एसीचे आकडेसुद्धा स्टिरिओच्या पडद्यावर असतात. तिथे मी गिऱ्हाइकाला सरळ सांगतो, स्टिरिओला हात लावू नका, स्पीकर बदला.

तुमच्यासाठी पुढचे दोनच. साडेसहा इंची कंपोनंट सेट, म्हणजे दारात मोठा स्पीकर आणि वर आरशाजवळ वेगळा ट्वीटर (बारीक सुरांचा छोटा स्पीकर). आवाज समोरून आला पाहिजे. भजनातली झांज गुडघ्याजवळून ऐकू आली तर वडील म्हणतील जुनाच बरा होता. मागे कोण बसतं? बसलं तरी तुमचा डावा स्पीकर चालू आहे, खरखरणाऱ्या उजव्याच्या जागी तसाच लावून जोडी करून घ्या, शंभर-दोनशेत जुना कंपनीचा स्पीकर मिळतो.

घाटमाथा

मागच्यांबद्दल असहमत. चार माणसं कोल्हापूरला जातात तेव्हा मागच्यांना काहीच ऐकू येत नाही, मग "वाढवा, वाढवा" सुरू. मागे साधे कोअॅक्सिअल (मोठा स्पीकर आणि ट्वीटर एकातच असलेले) टाकायला काय हरकत? दोन हजारांत होतं. आणि थोडा बास हवाच. ट्यूब नको, पण सीटखाली बसणारा चपटा अॅक्टिव्ह सबवूफर (आवाजाची ताकद वाढवणारा अॅम्प्लिफायर आतच असलेला बासचा स्पीकर) मिळतो, डिकी मोकळी राहते.

वाशिष्ठीकाठ

सीटखाली म्हटलंत म्हणून चिपळूणहून लिहितोय. २२ जुलै २०२१ला आमच्याकडे वाशिष्ठीचं पाणी शिरलं तेव्हा बाजारपेठेत गाड्याच्या गाड्या बुडाल्या. सीटखालचं काहीही सर्वांत आधी जातं. पूर सोडा, पावसाळ्यात ओल्या चपला, छत्र्या, मासळीची पिशवी, सगळ्यांचं पाणी तिथेच. अॅम्प्लिफायर लावायचाच तर मागच्या सीटच्या पाठीला उभा लावा.

दुसरं विम्याचं, जे कुणी बोलत नाही. गाडीबरोबर न आलेली विजेची उपकरणं पॉलिसीत वेगळी नोंदवावी लागतात. मोटार टॅरिफमध्ये, म्हणजे गाडीच्या विम्याच्या नियमावलीत, त्या कलमाला आयएमटी २४ म्हणतात आणि किमतीच्या ४ टक्के जादा हप्ता बसतो. म्हणजे तीस हजारांच्या सामानाला बाराशे रुपये आणि वर कर. नोंद नसेल तर गाडीचा दावा मंजूर होतो आणि स्टिरिओची किंमत वगळली जाते. आमच्या आळीत अशी वगळलेली बिलं कितीतरी घरांत आहेत. जीएसटीचं पक्कं बिल घ्या, "बिल नको असेल तर दोन हजार कमी" या वाक्याला भुलू नका.

चाकरमानी_डोंबिवली

माझा प्रश्न थोडा वेगळा पण याच विषयातला. गाडी गावी, गुहागरला असते. गणपतीत चालते, मग थेट शिमग्याला. नवीन अँड्रॉइड युनिट बसवल्यापासून प्रत्येक वेळी बॅटरी मेलेली. दुकानदार म्हणतो बॅटरी बदला. बदलली, तरी तेच.

वायरीची_पेटी

बॅटरी निर्दोष आहे. पिवळी वायर कायमच्या बारा व्होल्टवर असते, वेळ आणि सेटिंग लक्षात ठेवायला. लाल वायर किल्लीबरोबर चालू-बंद होते. काही फिटर दोन्ही एकत्र पिळून टाकतात आणि युनिट कधीच पूर्ण झोपत नाही. दुसरं, बरीच अँड्रॉइड युनिटं लवकर चालू व्हावीत म्हणून अर्धवट जागी राहतात. मेनूत झोपेची सेटिंग असते, ती पूर्ण बंदवर टाका.

हिशेब करा. फक्त ५० मिलीअँपिअर वीज सतत जात असेल तर दिवसाला १.२ अँपिअर-अवर. छोट्या पेट्रोल गाडीची ३५ची बॅटरी पूर्ण भरलेली असली तरी महिन्याभरात शून्य आणि स्टार्टर तर त्याच्या खूप आधी हात टेकतो. तुमची गाडी सहा महिने उभी. कितीही चांगलं युनिट असलं तरी निगेटिव्हची क्लॅम्प काढून ठेवूनच मुंबईला जा. दहा नंबरचा पाना गाडीतच ठेवा. मोजायचं असेल तर निगेटिव्हमध्ये मीटर ओळीत लावा, गाडी लॉक करून अर्धा तास थांबा, मग वाचन घ्या. लगेच घेतलंत तर आकडा मोठा दिसेल. मीटर लागलेला असताना दार उघडू नका आणि किल्ली फिरवू नका, मीटरचा फ्यूज जाईल.

माडाखालचो

आणि उंदीर? तुमच्या सगळ्या तांब्याच्या वायरी उंदरान खाल्ल्यार? माझ्या गाडयेत फणसाच्या झाडाखाली उंदरान घर केल्यान.

वायरीची_पेटी

हसण्यावारी नेऊ नका, खरोखर मोठं कारण आहे ते. बॉनेटखालून येणारी जाड वायर जाळीदार नळीतून घ्या आणि केबिनमध्ये शिरते तिथे रबरी ग्रोमेट (भोकाच्या कडेला बसणारी रिंग) लावा. उघडं भोक ठेवलं तर उंदीर त्यातूनच आत येतो, पाणीही. आणि बॅटरीपासून अर्ध्या मीटरच्या आत फ्यूज. उंदराने सोललेली वायर बॉडीला लागली तर फ्यूज जाईल, गाडी नाही.

वायरीचं आलंच आहे तर: अॅम्प्लिफायरच्या किटमध्ये बहुधा तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची वायर असते. ब्लेडने एक तार खरवडून बघा. वर तांबूस आणि आत पांढरी निघाली तर परत द्या. उलटं, वर रुपेरी आणि आत तांबं, ती कल्हई केलेली तांब्याची वायर. बोटींत हीच वापरतात, बंदराजवळच्या दुकानात विचारलं तर मिळेल. नुसतं पिळून टेप गुंडाळलेला जोड इथे चालत नाही. उन्हाने टेपचा गोंद वितळतो, मग खारी हवा आत जाऊन तांबं हिरवं पडतं आणि स्पीकर कधी वाजतो, कधी नाही. सोल्डर करून वर आकसणारी नळी चढवायची. अर्थसाठी रंग खरवडून उघड्या पत्र्यावर बोल्ट आवळा, पण आवळल्यावर वरून ग्रीस किंवा व्हॅसलिन फासा. पुण्यातला फिटर फासणार नाही, त्याला गरजच पडत नाही.

देवबागकर

हे वाचून पुण्याचा विचार सोडला.

घाटमाथा

मीही इथेच बसवा म्हणणार होतो, कारण वेगळं. जुलैत दार वाजायला लागलं तर ज्याने बसवलं त्याच्या दारात गाडी उभी करता आली पाहिजे. ऑनलाइन सामान मागवून फिटिंग कुडाळला, हेही चालेल, पण मग वॉरंटीच्या वेळी दोघे एकमेकांकडे बोट दाखवतात. सगळं एकाकडून घ्या.

शिरोड्याची_सून

फुकटच्या कॅमेऱ्याबद्दल: नंबर प्लेटच्या दिव्यापाशी बसतो, एका पावसाळ्यात आत वाफ धरते आणि सगळं धुक्यातून दिसतं. भिंगाभोवती सील आहे का बघा. फुकट असेल तर बहुधा नसतं.

देवबागकर

वाचून एवढं ठरवलंय: बटणवालं सात इंची युनिट, फ्रेम, कपलर, पुढे कंपोनंट सेट, मागे साधे कोअॅक्सिअल (घाटमाथा, तुमचं ऐकलं), दोन्ही पुढच्या दारांना ब्यूटाइल शीट. अंदाजे तीस-बत्तीस होतायत. सबवूफर नाही. दुकानात घ्यायला जाईन तेव्हा तिथे काय ऐकून बघू? सगळेच दुकानदार तीच धडधडणारी रिमिक्स लावतात, त्यात सगळे स्पीकर चांगलेच वाटतात.

वायरीची_पेटी

वडिलांना बरोबर न्या आणि त्यांचं रेकॉर्डिंग पेन ड्राइव्हवर. पखवाजाची डावी बाजू ऐका. थाप पडली आणि विरली असं वाटलं पाहिजे, घुमत राहिली तर तो बास नव्हे, दाराचा पत्रा आहे. झांज लखलखीत हवी पण दात आंबू नयेत. आणि संवाद: राजा गर्जतो तेव्हा शब्द कळतात का ते बघा. माणसाचा आवाज नीट आला की बाकीचं बहुतेक जमून येतं.

बसवून झाल्यावर फिटर समोर असतानाच तीन गोष्टी करून घ्या. आवाज मधोमध ठेवून बॅलन्स डावी-उजवीकडे फिरवा. दोन्ही बाजूंना बास बरा आणि मध्ये आणल्यावर पातळ होत असेल तर एका स्पीकरच्या वायरी उलट्या आहेत. खात्री करायची तर स्पीकरची वायर सोडवून दीड व्होल्टचा पेन्सिल सेल क्षणभर टेकवा, प्लसला प्लस लागलं की कोन बाहेर उडी मारतो. मग इंजिन चालू करून आवाज शून्यावर, अॅक्सिलरेटर दाबा. शिट्टी चढत गेली तर अर्थ कच्चा आहे. तिसरं, युनिटमध्ये पुढच्या स्पीकरसाठी हाय-पास फिल्टर (खालचे सूर अडवणारी सेटिंग) असेल, तो ८० हर्ट्झच्या आसपास लावा. खालचे सूर दाराच्या स्पीकरला झेपत नाहीत, उगाच कोन हेलपाटतो.

आणि घरी आल्यावर पाइप घेऊन काचेवर पाच मिनिटं पाणी सोडा. तळाच्या भोकांतून धार आली पाहिजे, पायाखाली हात कोरडा राहिला पाहिजे. पावसाची वाट बघू नका, तोवर फिटर ओळख विसरतो.

चाकरमानी_डोंबिवली

लाल-पिवळी एकत्रच निघाली! गावच्या पुतण्याने उघडून फोटो पाठवला. गणपतीत येतो तेव्हा वेगळी करून घेतो.

देवबागकर

शेवटचं विचारतो. घाटात नेटवर्क जातं, म्हणून गाणी पेन ड्राइव्हवरच ठेवणार. ६४ जीबीचा घेतलाय, जुना स्टिरिओ तो ओळखतच नव्हता. नवीन ओळखेल का?

घाटमाथा

६४चा पेन ड्राइव्ह दुकानातून एक्सफॅट फॉरमॅटमध्ये येतो, जुनी युनिटं फॅट३२च वाचतात. नवीन कदाचित दोन्ही वाचेल, तरी ३२ जीबीचा घेऊन फॅट३२ करा, कटकट संपली. वडिलांचं फोल्डर वेगळं करा आणि नावाआधी ०१ लिहा, म्हणजे गाडी चालू केल्यावर तेच आधी लागेल.